दुसरं पिवळं कार्ड

सेक्टर सहा, भिलाई
रविवार सकाळ

प्रिय कमलेश,

हे पत्र टपालाने न पाठवता भूषणच्या हाती देते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न उघडताच टाकून देशील अशी मला भीती वाटते. भूषण समोर उभा असला तर निदान त्याच्या भिडेखातर उघडशील. तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा मी कोणाकडे मागितला नाही. तू काम करतोस तो सिमेंटचा कारखाना माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. जामुलच्या रस्त्याने मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ट्रकांची लांब रांग लागलेली होती आणि वजनकाट्याच्या केबिनमध्ये काचेमागे कोणीतरी मान खाली घालून पावत्या फाडत होतं. तो तूच होतास की दुसरा कोणी, हे बघायला मी थांबले नाही.

बाबा बरे आहेत. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली, पण सकाळचा भोंगा वाजला की अजून उठून बसतात, मग आठवतं आणि परत आडवे होतात. गुडघे गेले आहेत. टीव्हीवर फुटबॉल लागला की आवाज बंद करून बघतात. मी बाजूला जाऊन बसले की चॅनल बदलतात. माझी शाळेतली नोकरी चालू आहे, पीटीचे तास आणि वर्षातून एकदा वार्षिक खेळ. तुझ्या लग्नाची बातमी मला कळली होती. ईरा दोन वर्षांची झाली, असं भूषणने सांगितलं.

तुला आठवतं का, आपली ओळख कशावरून झाली? मी तेव्हा पंचांचा कोर्स नुकताच पूर्ण केला होता आणि लाइनवर झेंडा घेऊन उभी होते. तू ऑफसाइड होतास, मी झेंडा उचलला, आणि तू जाता जाता स्वतःशीच म्हणालास, ‘ह्या पोरीले काही दिसते का नाही बापा.’ तुला वाटलं होतं, या मैदानावर मराठी कोणाला समजते. सगळीकडे हिंदी नाहीतर छत्तीसगढी. मी तिथूनच म्हणाले, ‘दिसते ना, चांगलं दिसते. दोन पावलं पुढे होता तू.’ तुझा चेहरा असा झाला की मला मॅच चालू असताना हसू आलं. नंतर कळलं की तुझे आजोबा साकोलीकडचे आणि माझे लाखनीकडचे, दोघंही इथला पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा शेती सोडून इकडे आलेले. त्यानंतर मैदानावर आपल्याला काही बोलायचं असलं की आपण मराठीत बोलायचो. शंभर माणसांमध्ये उभं राहून बोललं तरी कोणाला कळायचं नाही. रविवारी सिव्हिक सेंटरला पोहे-जिलेबी खाताना तू मोठ्याने माझ्यावर प्रेम असल्याचं सांगायचास आणि बाजूचा माणूस शांतपणे आपली जिलेबी खात राहायचा.

तू लबाड खेळाडू नव्हतास. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे. लोकांना फक्त नंतरचा कमलेश माहीत आहे, पेनल्टी बॉक्समध्ये वाऱ्याने पडणारा. रायपूरच्या त्या निवड चाचणीचं मला तूच सांगितलं होतंस. तू सतरा वर्षांचा होतास. गोलसमोर एकटा पोचलास आणि मागच्याने तुझा शर्ट असा ओढला की बगलेपासून टरकन फाटला. तू पडला नाहीस. फाटक्या शर्टाने तसाच धावत राहिलास, तोल गेला, चेंडू बाहेर मारलास. पंचाने शिट्टी वाजवली नाही. निवडणाऱ्यांनी कागदावर लिहिलं, ‘मोक्याच्या क्षणी चुकतो.’ तुझ्याच संघातला दुसरा मुलगा दहा मिनिटांनी कोणी हात न लावता पडला, त्याला पेनल्टी मिळाली, त्याने गोल केला आणि तो निवडला गेला. तू घरी आलास तेव्हा तुझ्या आईने, रुक्माकाकूंनी, तो शर्ट शिवून ठेवला.

त्यानंतर तू पडायला शिकलास. तू स्वतःच म्हणायचास, ‘शिकलो’ म्हणून. पाय कसा मागे टाकायचा, हात कधी वर फेकायचे, ओरडायचं किती. मला ते ऐकून राग यायचा आणि तू माझा राग बघून आणखी रंगवून सांगायचास. आपली सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून झाली. मी म्हणायचे, पंचाला फसवणाऱ्याला नुसतं पिवळं कार्ड ही काय शिक्षा झाली? पकडला गेला तर पिवळं, नाही पकडला गेला तर पेनल्टी. कोणीही हिशोबी माणूस पडेलच. त्याला सहा मॅच बाहेर बसवलं पाहिजे, वर्षभर बसवलं पाहिजे, त्याच्या पडण्यातून झालेला गोल काढून घेतला पाहिजे. आणि तू म्हणायचास, ‘मी उभा रायलो तर तू शिट्टी वाजवतं का? नाही वाजवत. तो मले ओढते, लाथा मारते, ते तुले दिसत नाही. मी पडलो की दिसते. मंग मी कावून उभा राहू?’ मी म्हणायचे, म्हणून खोटं पडायचं? तू म्हणायचास, ‘पयले खरं पाहाले शिका, मंग खोट्याले शिक्षा द्या.’ मी उठून गाडी सुरू करायचे. तू मागे बसायचास आणि सेक्टर सहा येईपर्यंत माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून ठेवायचास.

मग ती साखळीतली मॅच झाली. तिथे मी मुख्य पंच होते. खरं तर तुझ्या मॅचला मी नाही म्हणायला हवं होतं, पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि आपण घरी अजून काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या पाच मिनिटांत तू बॉक्समध्ये पडलास आणि मी पेनल्टी दिली. देताना मला खात्री होती. तुझा संघ जिंकला. संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यात तुझ्यात आणि समोरच्या खेळाडूत हातभर अंतर होतं. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी तुला कधी वाचून दाखवलं नाही. त्यातलं सगळ्यात सभ्य असं होतं, ‘घर का मामला है.’ दुसऱ्या दिवशी मी तुला विचारलं, तेव्हा तू हसलास आणि म्हणालास, ‘पडलो ना मी. तुले पण समजलं नाही, म्हणजे जमलं.’ तुला वाटलं, ही एक गंमत आहे. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण मी नुसती रुसले नव्हते, कमलेश. त्या आठ दिवसांत मी काय केलं ते तुला माहीत नाही.

मी दुर्गला, पद्मनाभपूरमध्ये, विद्याधर सरांच्या घरी गेले. ते तेव्हा जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळाचे सचिव होते, आजही आहेत. त्यांना मी म्हणाले की पडणाऱ्यांसाठी आपण आपला नियम करू. सरांना ते आवडलं. ते म्हणाले, ‘तूच मसुदा लिहून आण, हर्षा. तुझ्याइतकं पोटतिडकीने दुसरं कोणी लिहिणार नाही.’ मी दोन दिवसांत लिहून नेला. खोटं पडल्याबद्दल ज्याला कार्ड मिळेल त्याला एक वर्ष बंदी. पुरावा म्हणून पंचाचा अहवाल पुरेसा. अपील नाही. हे शेवटचं कलम ठेवावं का, असं सरांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, ठेवाच, नाहीतर दर सोमवारी प्रत्येक जण मोबाइल घेऊन मंडळाच्या दारात उभा राहील. ‘अपील नाही’ हे दोन शब्द माझे आहेत. लोक तो नियम मंडळाचा समजतात. तूही तसंच समजत असशील. तो लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त तू होतास. तुला एकदा चांगली अद्दल घडावी, तू घाबरून पडणं सोडून द्यावंस, आणि मग सगळं ठीक होईल, इतकंच माझ्या मनात होतं.

नियम लागू झाला आणि तीन आठवड्यांनी शामराव स्मृती चषकाची फायनल आली. नेमलेल्या पंचाला ताप आला. सरांनी मला फोन केला. मी म्हणाले, सर, दुसरं कोणी बघा ना. ते म्हणाले, ‘लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तू उभी राहा. एकदा सगळ्यांचं तोंड बंद कर.’ आणि मी हो म्हटलं. इथेच मी चुकले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते, कारण हे चुकणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

फायनल तुला माझ्याइतकीच आठवत असणार. पण तू खाली पडलेला होतास, आणि मी उभी होते, म्हणून मला जे दिसलं ते सांगते. जानेवारीतली दुपार होती. पॅव्हेलियन भरलेलं होतं आणि पहिल्या मिनिटापासून लोक ‘भाभीजी’ म्हणून ओरडत होते. तुझ्या संघाला साधी थ्रो दिली तरी शिट्ट्या. विसाव्या मिनिटाला माझी शिट्टी वाजल्यावर तू चेंडू लाथ मारून दूर घालवलास, म्हणून मी तुला पहिलं पिवळं कार्ड दाखवलं. खरं तर नुसती ताकीद देऊन भागलं असतं. पण कार्ड दाखवल्याबरोबर पॅव्हेलियनमध्ये टाळ्या पडल्या आणि मला बरं वाटलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला बरं वाटलं.

सत्तराव्या मिनिटाला तू डावीकडून बॉक्समध्ये शिरलास. समोरच्या संघात असलेला हाच भूषण तुला अडवायला आला. तू चेंडू त्याच्या बाजूने पुढे काढलास, आणि मग भूषणचा बूट आला. मी पंधरा पावलांवर होते, मध्ये कोणी नव्हतं. बूट तुझ्या घोट्यावर बाहेरच्या बाजूने बसला, पाय आत वळला आणि आवाज आला. तू पडायच्या आधी आला तो आवाज. तू हात वर फेकलेस, नेहमी फेकायचास तसेच. माझी शिट्टी वाजली. ती पेनल्टीसाठीच वाजली होती, कमलेश. माझा हात पेनल्टीच्या खुणेकडे निघाला होता. तेवढ्यात पॅव्हेलियनमधून एक आवाज आला, ‘देगी, देगी, भाभी देगी!’ आणि सगळं मैदान हसलं. माझा हात खिशात गेला.

मी तुझ्यापाशी आले तेव्हा तू घोटा दोन्ही हातांनी धरून पडला होतास. चेहरा पांढरा होता. तू ओरडत नव्हतास. खोटं पडायचास तेव्हा ओरडायचास. तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालास, ‘हर्षा, लागलं मले. खरंच लागलं.’ तिथे जमलेल्या वीस जणांत ते फक्त मला समजलं. आणि मी तुझ्या डोक्यावर दुसरं पिवळं कार्ड धरलं, मग लाल, आणि हिंदीत म्हणाले, ‘उठो, नौ नंबर. बाहर जाओ.’ तुझ्याशी हिंदीत मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. तू काही क्षण माझ्याकडे बघत राहिलास. मग तू बघणं सोडून दिलंस. तुझ्याच संघातले दोघे हसत हसत तुला उचलायला आले. त्यांनाही वाटलं, कमलेशचं नेहमीचं चाललं आहे. तुझा पाय जमिनीला टेकला आणि तू जो आवाज काढलास, तो ऐकून त्यांचं हसू थांबलं. पण तेवढ्यात मी पाठ फिरवून खेळ सुरू केला होता.

मॅच संपल्यावर विद्याधर सर म्हणाले, ‘शाब्बास.’ मग म्हणाले, ‘तो तुला मराठीत काहीतरी बोलला, असं पोरं सांगतात. शिवी दिली का?’ मी म्हणाले, ‘नीट ऐकू आलं नाही, सर.’ त्यांनी लिहिलं, पंचाशी हुज्जत. मी अहवालात लिहिलं, ‘संपर्क झाला नाही.’ खाली सही केली. बाबा त्या दिवशी गोलच्या मागे उभे होते. घरी जाताना गाडीवर मागून ते म्हणाले, ‘लागलं होतं त्याले, हर्षा.’ मी म्हणाले, तुम्ही लांब होतात, तुम्हाला काय दिसणार. ते म्हणाले, ‘तू तं जवळ होती ना.’ त्यानंतर बाबा कधी माझ्या मॅचला आले नाहीत, आणि मी कधी त्यांना या म्हटलं नाही.

हाड मोडलं होतं आणि घोट्याचे स्नायुबंध तुटले होते, हे मला चौथ्या दिवशी कळलं. फेब्रुवारीत तुझी रेल्वेच्या क्रीडा कोट्याची चाचणी होती, आणि पुढच्या वर्षी तुझं वय बसणार नव्हतं. मी तुझ्या घरी आले होते. तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. तुला वाटलं असेल, मी काहीतरी बोलेन. मी बोलले नाही. रुक्माकाकूंनी मला पाणी दिलं, दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘कार्ड दाखवलं तं दाखवलं पोरी. पण त्याले हात देऊन उचलाचं तरी होतं.’ त्यांना वाटत होतं की माझी नजर चुकली. सगळ्यांना तसंच वाटत होतं. माझ्या बाजूने असलेल्यांना वाटत होतं की तू ढोंग केलंस, तुझ्या बाजूने असलेल्यांना वाटत होतं की मला दिसलं नाही. मला दिसलं होतं, असं कोणालाच वाटत नव्हतं. फक्त तुला आणि बाबांना. तुझी वर्षाची बंदी जाहीर झाली तेव्हा तुझ्या पायात सळी होती. मोडलेल्या पायाच्या माणसाला खेळायची बंदी, यावर मंडळात कोणी हसलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, पाय तर तो पडताना मोडला.

मग माझं चांगलं होत गेलं. हे लिहायला लाज वाटते. राज्याच्या पंचांच्या यादीत नाव आलं. ओळखीतल्या माणसालाही न सोडणारी पंच, असं लोक माझ्याबद्दल भाषणात बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी मंडळाने मला नव्या पंचांना शिकवायला नेमलं. खोटं पडणं कसं ओळखावं, हा माझा विषय. त्यासाठी एक व्हिडिओ दाखवतात, तुझा, त्या फायनलचा. पॅव्हेलियनच्या बाजूने काढलेला, त्यात भूषणचा पाय दुसऱ्या एका खेळाडूच्या आड जातो आणि तू आपोआप पडल्यासारखा दिसतोस. दोन वर्षं मी तो दाखवून सांगत आले, हात बघा कसे वर गेले, चेंडू बघा कुठे आहे. मागच्या महिन्यात समीक्षा नावाच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ‘मैडम, इसका पैर तो उल्टा मुड़ा है. ऐसा कोई जान-बूझकर कैसे करेगा?’ वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, कॅमेऱ्याच्या कोनामुळे तसं दिसतं. तिने वहीत लिहून घेतलं. मी तिचं लिहिणं बघत राहिले. चांगली मुलगी आहे, डोळे चांगले आहेत. आता ती पुढच्या वेळी असा पाय बघेल तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. तुला तर मी मोडलंच होतं, आता मी ते दुसऱ्यांना शिकवत होते.

पडणाऱ्याला काय शिक्षा असावी, हे मला आता कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. कमी दिली तर तू हसत हसत पडत राहशील आणि शर्ट फाटूनही उभा राहिलेला मुलगा घरी जाईल. जास्त दिली तर ती माझ्यासारखीच्या हातात जाईल. खरं पाहायला शिका, असं तू म्हणायचास. पाहायला मला येत होतं रे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

दहा दिवसांपूर्वी भूषण शाळेच्या फाटकाशी आला आणि त्याने तुझा निरोप दिला: दुर्गच्या एका शाळेत फुटबॉल प्रशिक्षकाची जागा आहे, तुला घ्यायला ते तयार आहेत, पण मंडळाचा वर्तणुकीचा दाखला हवा, आणि त्यावर खोटं पडल्याबद्दल बंदी असं येतं, तेव्हा हर्षाने फक्त इतकं लिहून द्यावं की तिची चूक झाली असू शकते. साडेपाच वर्षांत तू माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितलीस, आणि तीही माझी अब्रू सांभाळून मागितलीस. मी चूक झाली असं लिहिलं नाही. मी लिहिलं की मी लाथ बसताना पाहिली, आवाज ऐकला, आणि लोकांच्या बोलण्याला घाबरून खोटा अहवाल दिला. आणि भूषणने खाली लिहून दिलं की लाथ त्याचीच होती. मंगळवारी मी ते विद्याधर सरांच्या हातात ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘हे कशाला केलंस, हर्षा? याने त्या मुलाचं काही होणार नाही.’ काल मंडळाचं उत्तर आलं. एकाच पाकिटात दोन कागद आहेत. पहिल्यावर लिहिलं आहे की नियमाप्रमाणे पंचाचा अहवाल अंतिम आहे, त्यावर अपील नाही, म्हणून तुझ्या दाखल्यात बदल करता येत नाही. दुसऱ्यावर लिहिलं आहे की खोटा अहवाल दिल्याबद्दल मला पंचांच्या यादीतून काढण्यात येत आहे. दोन्हींवर तारीख एक आणि सही एक. तुझ्यासाठी माझा अहवाल खरा आहे आणि माझ्यासाठी तो खोटा आहे. मी त्या शाळेतही गेले आणि माझा कागद दाखवला. मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत, त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, आम्हाला मंडळाच्या शिक्क्याचाच दाखला लागतो. म्हणून हे पत्र. तू सोमवारची सुट्टी टाकली आहेस आणि तिथे जाणार आहेस, असं भूषण म्हणाला. जाऊ नकोस, कमलेश. तुला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतील आणि मग नाही म्हणतील. ती सुट्टी वाया घालवू नकोस, घरीच राहा. दाखला येणार नाही.

जिने तुला पडताना पाहिलं होतं ती,
हर्षा